विजेची गाडी आणि गावची वीज

(गोंदिया जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन. कापूस-ज्वारीच्या जिल्ह्यांतील बैठकांत वाचनासाठी देत आहोत.)



आजच्या बैठकीला विषय ठेवला आहे विजेच्या गाडीचा. निरोप गेला तेव्हा काही जुन्या कार्यकर्त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. धानाच्या चुकाऱ्यांचे बोला, कापसाच्या भावाचे बोला, ही मोटारगाडी मध्येच कोठून आली? प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढेच, की ही गाडी बैठकीत आम्ही आणलेली नाही, तुमच्या पोरांनी आणली आहे. गावोगाव बैठक संपली, सतरंज्या गुंडाळल्या, की दोन-चार तरुण बाजूला थांबतात. खिशातून शोरूमचे रंगीत पत्रक काढतात. पत्रकाच्या पाठीमागे पेनाने हप्त्याचा आकडा लिहिलेला असतो. आणि विचारतात, भाऊ, घ्यावी का?

एकाला शाळेची मुले न्यायची असतात. दुसऱ्याला भाजी न्यायची असते. तिसऱ्याचे लग्न जमत नाही म्हणून दारात गाडी हवी असते. हेही कारण खोटे नाही. शेती करणाऱ्या पोराला मुलगी कोण देतो, हे या मांडवातल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे.

एकेकाला बाजूला घेऊन वेगवेगळे उत्तर देण्यापेक्षा सगळा हिशोब एकदा चारचौघांत मांडावा, असे आम्ही ठरवले. गोंदियात धान पिकते. पण हे छापून यवतमाळ, वर्धा, अकोल्याच्या कोरडवाहू कास्तकारांच्या हाती जाणार आहे, तेव्हा हिशोब त्यांच्याही उपयोगाचा असला पाहिजे.

आधी आमची भूमिका सांगून टाकतो. नवे यंत्र आले की नाक मुरडणारी माणसे आपण नव्हेत. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी बंदी असलेले तणनाशकाला दाद न देणारे कपाशीचे बियाणे उघड्यावर पेरले, ते कशासाठी? तंत्रज्ञान निवडण्याचा हक्क शेतकऱ्याचा आहे, हे सांगण्यासाठी. बियाण्याला जो न्याय, तोच गाडीला. पण निवडायचे म्हणजे पारखून घ्यायचे. बाजारात बैलजोडी घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, शिंगाला हात लावतो. सात-आठ लाखांची वस्तू मात्र पत्रकावरचा आकडा वाचून घ्यायची, हे कसे चालेल?

विहीर आणि झरा

विजेची गाडी समजायला फार शिकावे लागत नाही. तुमच्या वावरात विहीर आहे ना? मग झाले. बॅटरी म्हणजे विहीर. तिच्यात किती पाणी मावते ते युनिटमध्ये मोजतात, तेच युनिट जे तुमच्या बिलावर असते. चार्जर म्हणजे झरा. मोटर म्हणजे उपसा. विहीर कितीही मोठी असली आणि झरा बारीक असला, तर उन्हाळ्यात काय होते हे आम्ही तुम्हांला सांगण्याची गरज नाही.

आता आकडे घ्या. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला की तीस-पस्तीस युनिट वीज ओढतो. २०२२ साली बाजारात आलेल्या टाटाच्या टियागो ईव्हीच्या मोठ्या बॅटरीत २४ युनिट मावतात. २०२० च्या जानेवारीत आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीत ३०.२ युनिट मावत. म्हणजे एका रात्री ओलितावर तुम्ही जेवढी वीज घालता, तेवढ्यात यांतली कोणतीही गाडी काठोकाठ भरते.

दुसरा आकडा डिझेलचा. एका लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिटांइतकी ऊर्जा असते. पण इंजिन त्यातली चौथाई, फार तर तिहाई चाकाला देते. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवेत जाते. विजेच्या मोटरीचे तसे नाही, ती घेतलेल्या विजेतली बहुतेक सगळी चाकाला देते. त्यामुळे २४ युनिट, म्हणजे जेमतेम अडीच लिटर डिझेलच्या ऊर्जेत ही गाडी पावणेदोनशे किलोमीटर जाऊ शकते. विजेच्या गाडीत जे काही चांगले आहे, त्याचे मूळ येथे आहे. यात जाहिरात नाही, पदार्थविज्ञान आहे.

जाहिरात सुरू होते ती पल्ल्यापासून. पहिल्या नेक्सॉनच्या पत्रकावर ३१२ किलोमीटर लिहिलेले होते. रस्त्यावर लोकांना दोनशेच्या आसपास मिळाले. कंपनी खोटे बोलली का? तसे म्हणता येत नाही. तो आकडा चाचणी केंद्रातला आहे. गाडी रोलरवर ठेवून, ठरलेल्या मंद गतीने, वातानुकूलन बंद ठेवून काढलेला. कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर निघणारे एकरी उत्पादन आणि तुमच्या मुरमाड वावरातले उत्पादन यांत जो फरक, तोच येथे. आम्ही कृषी पदवीधर, तेव्हा हा फरक आमच्या चांगला ओळखीचा आहे.

म्हणून पत्रकावरच्या आकड्याचे दोन-तृतीयांश करा. ३१५ असेल तर दोनशे धरा. त्यातलेही शेवटचे वीस टक्के हात लावायचे नाहीत असे समजा, कारण रिकाम्या बॅटरीनिशी देवरीच्या जंगलात अडकलात तर बाटलीत पेट्रोल आणून ओतता येत नाही. उरले दीडशे-एकशे साठ. वेग वाढला की पल्ला आणखी घटतो, कारण ऐंशीवरून शंभरावर गेलात की हवेचा अडसर दीडपटीहून जास्त होतो. मेच्या पंचेचाळीस अंशात गारवा चालू ठेवला, मागे तीन माणसे आणि दोन पोती टाकली, की पुन्हा घट.

गोंदियाहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे लहान बॅटरीची गाडी नागपूरला पोचते. परत यायचे तर नागपुरात भरावी लागते. हे ज्याला चालते त्याने ती घ्यावी. ज्याला सकाळी जाऊन कोर्टाची तारीख करून दुपारी परत यायचे आहे, त्याला ती चालणार नाही.

वीज आहे, डीपी नाही

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येऊ. पेट्रोलची गाडी घेताना पेट्रोल कोठून येते याचा विचार तुम्ही करत नाही. कंपनीने पंप टाकलेला असतो. विजेच्या गाडीचा पंप मात्र तुमच्या घरच्या भिंतीवर असतो. गाडी घेणे म्हणजे आपल्या घरच्या विजेवर सात-आठ लाखांचा जुगार लावणे. ती वीज कशी आहे?

आपला जिल्हा विजेला गरीब नाही. तिरोड्याला अदानीचे औष्णिक केंद्र आहे. ६६० मेगावॉटचे पाच संच, एकूण ३३०० मेगावॉट. पाचही संच पूर्ण चालले तर एका तासात तेहतीस लाख युनिट निघतात. २४ युनिटांच्या गाड्या मोजा. एका तासाच्या विजेत सव्वा लाखाहून जास्त गाड्या भरतील. ती वीज तिरोड्याहून ७६५ किलोव्होल्टच्या तारांनी कोराडी, अकोला करत औरंगाबादकडे, आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे, जाते. आमच्या धानाच्या बांध्यांवरून जाते, पुढे अकोल्याच्या पऱ्हाटीवरून जाते. खाली माणूस बॅटरी घेऊन रात्री दोनला पंप चालू करायला निघालेला असतो.

आणि शहरातले लोक म्हणतात, विजेची गाडी धूर सोडत नाही. सोडत नाही हे खरे. तिच्या वाटचा धूर तिरोड्याला, कोराडीला, चंद्रपूरला निघतो. इंडियाची हवा स्वच्छ राहावी म्हणून भारताने कोळसा जाळायचा, एवढाच त्याचा अर्थ. मोटर कमी ऊर्जेत जास्त पळते म्हणून एकूण हिशोबात काही फायदा उरतो, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्यांच्या घरावर राख पडते त्यांच्या घरात दिवा तरी नीट लागावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

तर तुटवडा विजेचा नाही. तुटवडा आहे गावातल्या डीपीचा आणि तिथून तुमच्या घरापर्यंतच्या तारेचा. घरातल्या पंधरा अँपियरच्या प्लगमधून, दाब २३० असेल तर, तासाला तीन युनिटांच्या आसपास वीज गाडीत जाते. वीस टक्क्यांवरून ऐंशी टक्क्यांवर न्यायला चौदा-पंधरा युनिट लागतात. पाच-सहा तासांचे काम. रात्री लावली, सकाळी तयार. पण संध्याकाळी सातला, सगळ्या घरांत कूलर आणि टीव्ही चालू असताना, दाब १७० वर आला तर? चार्जर एकतर हळू भरतो किंवा लाल दिवा लावून बसतो. अर्थिंग नसेल तर काही चार्जर सुरूच होत नाहीत. आपल्या किती घरांत खरी अर्थिंग आहे? मीठ-कोळसा घालून, खड्डा खणून केलेली? बहुतेक ठिकाणी तिसऱ्या पिनची तार प्लगच्या मागे नुसतीच लोंबत असते.

जलद चार्जर गावात का येत नाही, हेही येथेच कळते. तो पंचवीस, तीस, साठ किलोवॉटचा असतो. गावाला डीपी असते ६३ किंवा १०० केव्हीएची. एक साठ किलोवॉटचा चार्जर लावला तर अख्ख्या आळीच्या दिव्यांचे काय होईल? म्हणून तो महामार्गावर, स्वतःची वेगळी डीपी टाकून बसतो. आणि तोही शेवटचे वीस टक्के हळूहळूच भरतो. भरत आलेल्या बॅटरीला जास्त रेटता येत नाही. त्यामुळे जाणकार चालक ऐंशीला प्लग काढतो आणि पुढे निघतो.

नागपूरची गोष्ट आठवा. मे २०१७ मध्ये मोठा समारंभ होऊन ओला आणि महिंद्राने तेथे विजेच्या टॅक्सी आणल्या. सुरुवातीला दोनशे वाहने. देशातला पहिला प्रयोग म्हणून वर्तमानपत्रांनी रकाने भरले. वर्ष व्हायच्या आत काही चालक गाड्या परत द्यायला निघाले. चार्जर थोडे आणि गाड्या फार, त्यामुळे रांगेत तासन् तास जायचे. टॅक्सीवाल्याची कमाई चाक फिरते तेव्हा होते, रांगेत होत नाही. त्या गाड्यांच्या बॅटऱ्या आजच्यापेक्षा लहान होत्या, तंत्र तेव्हापासून पुष्कळ सुधारले. पण धडा तोच राहिला: स्वतःचा झरा असल्याशिवाय विहीर घेऊ नये.

येथे आपल्याला शहरवाल्यापेक्षा एक गोष्ट अनुकूल आहे. पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला खाली प्लग लावायला सोसायटीची परवानगी लागते. आपले अंगण आपले, भिंत आपली, छप्पर आपले. घरच्या जोडणीवर गाडी भरायला वेगळा परवानाही लागत नाही. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केले, की गाडी भरणे म्हणजे वीज विकणे नव्हे. मंजूर भार मात्र वाढवून घ्या. एक किलोवॉटच्या जोडणीवर तीन किलोवॉटचा चार्जर लावला तर आधी तार तापेल, मग घर.

एक गोष्ट ठासून सांगतो. पंपाच्या जोडणीवर गाडी भरू नका. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल सरकारने माफ केले आहे आणि त्यामुळे मोह होतो, की शेतातल्या कोठ्यात गाडी उभी केली, प्लग लावला, कोण बघतो? वीज कायदा २००३ चे कलम १२६ बघते. एका कामासाठी घेतलेली वीज दुसऱ्या कामाला वापरली तर दुप्पट दराने आकारणी होते. शिवाय पंपवाल्यांना चोर म्हणणाऱ्यांच्या हाती आपण आयते कोलीत देतो. आकडा टाकून भरण्याचे तर बोलायलाच नको.

हिशोब किलोमीटरचा

शोरूममध्ये सांगतात, एका रुपयात एक किलोमीटर. हा आकडा कसा येतो? ते पहिल्या शंभर युनिटांचा स्वस्त दर धरतात. ती शंभर युनिटे तर तुमचे घरच खाऊन बसले आहे. पंखा, कूलर, फ्रीज, टिल्लू पंप. गाडीची युनिटे त्याच्या वर जाऊन बसतात आणि शंभराच्या वरचा टप्पा सगळे आकार धरून दुपटीच्या आसपास जातो. आपापले बिल काढून बघा. आम्ही येथे युनिटला तेरा रुपये धरतो.

महिन्याला हजार किलोमीटर चालवणारा घ्या. एका युनिटला सात किलोमीटर, भरतानाची घट मिळून १६० युनिटे, झाले दोन हजार ऐंशी रुपये. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी पेट्रोलची गाडी तेवढ्याच अंतराला सदुसष्ट लिटर पिते. १०४ रुपयांनी जवळजवळ सात हजार. महिन्याला वाचले चार हजार नऊशे. विजेची गाडी तशाच पेट्रोलच्या गाडीपेक्षा तीन लाखांनी महाग पडली असे धरू. त्या तीन लाखांचा साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता किती? चार हजार नऊशे. म्हणजे हजार किलोमीटरला बरोबरी. दीड-दोन हजार चालवणाऱ्याला नफा.

आणि महिन्याला तीनशे किलोमीटर चालवणारा? आठवड्याला बाजार, महिन्यातून दोनदा तालुका, एखादे लग्न. त्याचे वाचतात चौदाशे-साडेचौदाशे. वरच्या तीन लाखांचे नुसते व्याजच महिन्याला दोन हजार तीनशेच्या वर. तो दर महिन्याला स्वतःच्या खिशातून पर्यावरणाला देणगी देतो. कोरडवाहू कास्तकाराने ही देणगी का द्यावी?

पेट्रोल वाढले, कर बदलले की हे आकडे हलतील. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, विजेच्या गाड्यांचा ५ वरच राहिला. फरक तेवढा बदलला. हिशोबाची रीत मात्र बदलणार नाही. महिन्याचे किलोमीटर मोजल्याशिवाय शोरूमची पायरी चढू नका.

आता गाडी कापसात मोजू. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये. दहा लाखांची गाडी म्हणजे १२३ क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल निघाला तर पंचवीस-तीस एकरांचा सगळा कापूस, वेचणीची मजुरी न काढता. ज्वारीत मोजायचे तर ३,६९९ च्या भावाने २७० क्विंटल. आठ लाखांच्या कर्जाचा सात वर्षांचा हप्ता तेरा हजारांच्या वर जातो आणि तो दर महिन्याला येतो. कापसाचा पैसा दिवाळीनंतर एकदा येतो आणि उलंगवाडी होईपर्यंत संपतो. शेतीच्या उत्पन्नावर महिन्याच्या हप्त्याची गाडी घेणे म्हणजे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पाच हप्ते सावकाराकडून भरण्याची तयारी करणे. ज्याच्या गाडीला महिन्याचे भाडे मिळणार आहे, शाळेचे, दुधाचे, कंपनीच्या कामगारांचे, त्यानेच हे कर्ज काढावे.

ओघात सांगून टाकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. आधी सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. नेमका आपला कापूस बाजारात येण्याच्या वेळी. गिरण्यांना स्वस्त रुई मिळावी म्हणून. त्याच देशात मोटारींच्या कारखानदारांना परदेशी गाड्यांपासून वाचवण्यासाठी वर्षानुवर्षे सत्तर-शंभर टक्क्यांच्या आयात शुल्काची भिंत उभी राहिली. म्हणजे आपण विकतो ते खुल्या बाजाराच्या भावाने आणि घेतो ते बंद बाजाराच्या. बाजार खुला करायचा तर कापसाचा आणि मोटारीचा एकाच दिवशी करा, आमची हरकत नाही.

सबसिडीच्या नादी तर लागूच नका. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत घरगुती मोटारीला पैसा नाही. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने विजेच्या मोटारींना समृद्धी महामार्गावर टोल माफ केला. छान झाले. समृद्धी नागपूरला सुरू होते. सालेकशाचा माणूस वर्षातून किती वेळा मुंबईला जातो? आणि ताशी एकशे वीसने गेला तर बॅटरी किती वेळा भरतो?

मग घ्यावी कोणी?

आमचे मत विचाराल तर कास्तकाराच्या घरात विजेवर पहिली यावी ती दुचाकी. तिच्यात तीन-चार युनिटांची बॅटरी असते, साध्या प्लगवर भरते, पल्ला रोजच्या कामाला पुरून उरतो. दाब जरा कमी असला तरी तीन-चार युनिट रात्रभरात जातात. वावर, दूध डेअरी, मुलीचे कॉलेज, सगळे त्यात बसते. तिच्यानंतर मालवाहू तीनचाकी. आमगाव-गोरेगावकडून गोंदियाच्या बाजारात भाजी आणणाऱ्याचा रस्ता रोज ठरलेला, अंतर ठरलेले, रात्री गाडी घरीच. विजेला असा धंदा मानवतो. जुन्या ई-रिक्षांत शिशाच्या बॅटऱ्या येत. त्यांचे पाणी बघत राहावे लागते आणि वर्ष-दीड वर्षात त्या बसतात. स्वस्त म्हणून त्या घेऊ नका, लिथियमच्याच घ्या.

ट्रॅक्टरला थांबा. सोनालिकाने २०२० च्या डिसेंबरात विजेचा लहान ट्रॅक्टर आणला, बॅटरी साडेपंचवीस युनिटांची. फवारणीला, डवरणीला, ट्रॉलीला तो बरा. पण नांगरटीला तासाला चार लिटर डिझेल खाणारा ट्रॅक्टर घ्या; त्या कामाला चाकापाशी तासाला बारा-एक युनिट लागतात. दोन तासांत विहीर कोरडी. मृगाच्या आधी चार दिवसांत सगळी वखरणी उरकायची असते तेव्हा ट्रॅक्टर पाच तास प्लगला बांधून कोण बसेल?

मोटारगाडी घ्यावी ती महिन्याला हजाराच्या वर चालवणाऱ्याने, ज्याच्या घरी रात्री अकरा ते पाच दोनशेच्या वर दाब टिकतो त्याने, आणि ज्याच्या घरात लांबच्या प्रवासाला दुसरी काही सोय आहे त्याने. छपरावर सौर पॅनेल असतील तर हिशोब आणखी सुधारतो. फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये मिळतात. तीन किलोवॉट वर्षाच्या सरासरीने दिवसाला बारा-एक युनिट देतात, महिन्याला साडेतीनशे. घराचे शंभर आणि गाडीचे १६० त्यात भागतात; दिवसा तारेत सोडायचे, रात्री काढून घ्यायचे. कोरडवाहूवाल्याकडे पाणी नाही, पण ऊन तर कोणी अडवलेले नाही. एक मात्र लक्षात ठेवा: गावची वीज गेली की ही पॅनेलही बंद पडतात, कारण तारेवर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाऊ नये म्हणून त्यांची रचनाच तशी असते. लोडशेडिंगवर तो उपाय नव्हे.

घेताना काय बघायचे? बॅटरीची हमी साधारण आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर असते. क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बॅटरी बदलून मिळेल, हे लेखी घ्या. लोह-फॉस्फेटची बॅटरी जास्त वेळा भरली-रिकामी केली तरी टिकते, वजनाने जड असते; आपल्या उन्हाला तीच बरी. जमिनीपासून उंची मोजा, कारण बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते आणि आपल्या पांदण रस्त्यांवर दगड तेथेच लागतो. पावसात भिजल्याने काही होत नाही, तिची डबी बंद असते. म्हणून पूर आलेल्या नाल्यात घालू नये. बिघडली तर कोठे न्यायची, कोण नेणार, किती दिवसांत देणार, हे विचारा. तालुक्याच्या मेकॅनिकला अजून ती उघडता येत नाही. जुनी घेत असाल तर बॅटरीची किती टक्के क्षमता उरली आहे याचा कंपनीचा कागद मागा. बैलाचे दात तेच. २०२४ पासून बॅटरी भाड्याने देण्याची टूम निघाली आहे: गाडी स्वस्त, बॅटरीचे भाडे किलोमीटरवर. त्यात महिन्याला किमान इतके किलोमीटर अशी अट आहे का ते वाचा. पीक बुडाले तरी खंड द्यावा लागतो, तसलाच तो करार होऊ शकतो.

मायबहिणींसाठी एक खास. गाडी दारात असली की ती रात्री-बेरात्री गावाच्या कामाला येतेच. देवरी-सालेकशाकडून अडलेली बाळंतीण गोंदियाच्या बाई गंगाबाई रुग्णालयात आणायची झाली आणि गाडीत दहा टक्केच चार्ज असला तर? घरात नियम करा, चाळीस टक्क्यांच्या खाली गाडी रात्री उभी करायची नाही. हा नियम पुरुषांच्या लक्षात राहत नाही. तुम्ही ठेवा.

राहता राहिली संघटनेच्या कामाची गोष्ट. नियमाने घरच्या जोडणीला दाब २३० च्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे २१६ ते २४४ मिळायला हवा. तो मिळत नसेल तर ती तुमची फसवणूक आहे, गाडी असो वा नसो. पंपाच्या मोटरी जळतात त्याच कारणाने. तोंडी बोंब मारून महावितरण हलत नाही. प्रत्येक गावातल्या दोन कार्यकर्त्यांनी दोन-तीनशे रुपयांचे मीटर घ्यावे. आठ दिवस, संध्याकाळी सातला, रात्री अकराला आणि पहाटे पाचला दाब मोजून वहीत लिहावा. कोणत्या डीपीवर किती घरे, डीपी किती केव्हीएची, तेही लिहावे. डीपीवरच्या पाटीवर असते. त्याच वहीत गावात विजेच्या दुचाक्या किती, तीनचाक्या किती, कोण गाडी घेणार आहे, याची नोंद करावी. मग उपविभागीय कार्यालयात अर्ज द्यायचा, की या गावाला नवी डीपी द्या. गाड्यांसाठी वेगळे मीटर मिळेल काय आणि त्याचा दर काय, याचे उत्तरही लेखी मागायचे. पोच घ्यायची. उत्तर आले नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जायचे.

पुढच्या बैठकीला येताना वह्या घेऊन या. वहीशिवाय आलेल्या गावाचा प्रश्न शेवटी घेतला जाईल. धानाच्या चुकाऱ्यांचा विषय चहानंतर.